लिथियम, व्हॅल्प्रोएट वगैरे गोळ्या मॅनिया नेमका उतरवतात कशा?

खलबत्ता:

बायपोलर आजारात कधी नैराश्य येतं, तर कधी अतिउत्साहाचा, झोप उडवणारा झटका; हा झटका म्हणजे मॅनिया. त्यासाठी औषधाच्या दुकानात हमखास येणारी एक चिठ्ठी अशी असते: लिथियम कार्बोनेट ३०० मिग्रॅ सकाळी एक, रात्री दोन, डायव्हॅल्प्रोएक्स (व्हॅल्प्रोएटचंच एक रूप) ५०० मिग्रॅ दोन वेळा, ओलान्झापिन १० मिग्रॅ रात्री, लोराझेपाम २ मिग्रॅ रात्री, पाचच दिवस. घरच्यांचे प्रश्नही ठरलेले. "एका आजाराला चार-चार गोळ्या कशाला?" "ही फिटची गोळी ना? आमच्या माणसाला कुठे फिट येते?" आणि "लिथियम सुरू करून पाच दिवस झाले, काडीचा फरक नाही, बंद करू का?"

पुस्तकं "कार्यपद्धती नीट ज्ञात नाही" असं एक वाक्य टाकून मोकळी होतात. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं वापरात असलेल्या औषधाबद्दल एवढंच ठाऊक असेल हे पटत नाही. तर माझे प्रश्न:

१. लिथियम हा साधा धातूचा क्षार. त्याचा स्वतःचा रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) नाही, यकृतात त्याचं काही होत नाही, जसा आत जातो तसाच लघवीतून बाहेर. मग मेंदूत तो करतो काय?
२. गुण यायला आठ-दहा दिवस का लागतात?
३. फिटची औषधं मॅनियावर का चालतात, आणि सगळीच का चालत नाहीत?
४. माणूस ठणठणीत, चालतोय-बोलतोय, आणि लॅबच्या कागदावर रक्तातलं लिथियम २.४ (मिलिमोल प्रति लिटर). दुसऱ्या लॅबमध्ये ०.७. हे कसं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. सोपं करा, पण सोपं करताना चुकीचं नको.

सिनॅप्स_बुद्रुक:

प्रश्न १ घेतो. बाकीचे इतरांना ठेवतो.

आधी ओलान्झापिन बाजूला काढू. मॅनियात डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा जोर वाढलेला असतो, हे बऱ्याच बाजूंनी दिसतं. अँफेटामिन किंवा पार्किन्सनसाठीची लेव्होडोपा मॅनियासारखी अवस्था आणू शकतात, आणि डोपामिनचा डी२ हा रिसेप्टर अडवणारी औषधं ती उतरवतात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही अशी दारात उभी राहून निरोप अडवणारी औषधं. म्हणून त्यांचा परिणाम काही दिवसांतच दिसायला लागतो. लिथियम दारात थांबत नाही, घरात शिरतं.

लिथियमची करामत सोंगं घेण्यात आहे. विद्युतभार एक, म्हणून ते सोडियमसारखं वागतं. आकार मात्र मॅग्नेशियमच्या जवळचा: आयनची त्रिज्या लिथियमची ०.७६, मॅग्नेशियमची ०.७२ अँगस्ट्रॉम. पेशीत शिरताना ते सोडियमचं सोंग घेतं आणि सोडियमच्याच वाहिन्यांतून आत येतं. सोडियमला बाहेर काढणारा पंप मात्र या पाहुण्याला धड ओळखत नाही, त्यामुळे बाहेर पडणं संथ. जी चेतापेशी वारंवार पेटते तिच्या वाहिन्या वारंवार उघडतात, म्हणजे तत्त्वतः लिथियमही तिथेच जास्त शिरतं. आत गेल्यावर सोंग बदलतं. जिथे एन्झाइमला (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) काम करायला मॅग्नेशियम लागतं, तिथे हे जाऊन बसतं आणि काम अडतं.

अशी दोन ठिकाणं महत्त्वाची. पहिलं म्हणजे इनॉसिटॉलचं चक्र. ते जरा निवांत बघा.

चेतापेशीच्या पडद्यात पीआयपी२ नावाचं एक फॉस्फोलिपिड असतं. बाहेरून सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन वगैरेंचा निरोप आला की काही रिसेप्टर फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला जागं करतात. ते पीआयपी२चे दोन तुकडे करतं. एक तुकडा, आयपी३, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो. दुसरा, डायअसिलग्लिसरॉल, प्रोटीन कायनेज-सी सुरू करतो. (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांचं काम बदलणारं एन्झाइम.) दोघे मिळून बाहेरचा निरोप आत मोठा करतात. म्हणजे हा पेशीचा अॅम्प्लिफायर.

काम झालं की आयपी३वरचे फॉस्फेट एकेक करून काढले जातात. शेवटचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम म्हणजे इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज. त्यातून सुटं इनॉसिटॉल मिळतं आणि त्यापासून पुन्हा पीआयपी२ बनतं. लिथियम नेमकं या शेवटच्या एन्झाइमला धरतं. (त्याच्या आधीच्या पायरीवरचं एक एन्झाइमही अडतं, पण ते तूर्त सोडू.)

मेंदूला हे विशेष जड जातं, कारण रक्तातलं इनॉसिटॉल मेंदूत फारसं पोचत नाही. मेंदूची मदार जुनं परत वापरण्यावर आणि ग्लुकोजपासून नवीन बनवण्यावर. गंमत अशी, की नवीन बनवण्याचा रस्ताही याच एन्झाइमच्या फाटकातून जातो. एक फाटक लावलं की दोन्ही रस्ते बंद.

आता खरी गोम. साधा प्रतिस्पर्धी अडथळा असतो तेव्हा कच्चा माल वाढवला की अडथळा हटतो. लिथियमचं उलट आहे. एन्झाइमवर आधी कच्चा माल बसावा लागतो, तो तुटावा लागतो, मगच लिथियम येऊन बसतं आणि फॉस्फेटला बाहेर पडू देत नाही. म्हणजे माल जितका जास्त, तितकी पकड घट्ट. शांत पेशीला फारसं जाणवत नाही. धावत सुटलेल्या पेशीचा लगाम खेचला जातो. १९८९ मध्ये बेरिज आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं हे 'इनॉसिटॉल तुटवड्याचं गृहीतक'. प्रयोगनळीत या एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला साधारण ०.८ मिलिमोल लिथियम लागतं. रक्तात आपण ठेवतो तीही पातळी तेवढीच.

आणि हो, लिथियम ही गुंगीची गोळी नव्हे. योग्य पातळीवर माणूस पेंगत नाही. तिसऱ्या दिवशी जो झोपतोय तो लोराझेपाम आणि ओलान्झापिनमुळे.

शंकासुर:

वरचा प्रतिसाद उत्तम, पण इनॉसिटॉलची गोष्ट इतकी सुबक आहे की जपूनच घ्यावी.

१९९९ मध्ये चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीनं (एमआरआयसारख्या यंत्रानं मेंदूतली रसायनं मोजण्याच्या पद्धतीनं) बायपोलर रुग्णांच्या कपाळामागच्या भागातलं इनॉसिटॉल मोजलं गेलं. लिथियम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच ते उतरलं. रुग्णांची अवस्था मात्र तेव्हा होती तशीच होती, सुधारणा नंतर आली. तुटवडा हेच उत्तर असतं तर दोन्ही बरोबर झालं असतं. म्हणजे तुटवडा ही फार तर पहिली ठिणगी. खरं काम त्यानंतर पेशीत जे बदल होतात, त्यांचं.

इथे दुसरं ठिकाण येतं: जीएसके-३ हे कायनेज. बहुतेक कायनेज निरोप आला की चालू होतात. हे आपलं सदा चालूच, निरोप आला की बंद होतं. लिथियम त्याच्यातलीही मॅग्नेशियमची जागा पटकावतं आणि त्याला थंड करतं (१९९६ मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी दाखवलं). खेरीज आडवाटेनंही थंड करतं, आणि मॅनियाच्या दृष्टीनं मला ही आडवाट जास्त महत्त्वाची वाटते. डोपामिन डी२ रिसेप्टरवर बसलं की बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन एक टोळकं जमवतं. ते टोळकं एकेटी या कायनेजला निष्प्रभ करतं. एकेटीचं काम जीएसके-३ला दाबून ठेवणं. ते दबलं नाही की जीएसके-३ मोकाट सुटतं, आणि उंदीर पिंजऱ्यात गरागरा धावायला लागतो. लिथियम हे टोळकंच जमू देत नाही.

आता "चार गोळ्या कशाला" याचं अर्धं उत्तर मिळालं. ओलान्झापिन ही साखळी वरून, डी२पाशी तोडतं; लिथियम तीच खाली, जीएसके-३पाशी. वरचं टोक लगेच हातात येतं, खालचं हळूहळू. तीव्र मॅनियात दोन्ही मिळून दिलं की एकट्या लिथियमपेक्षा लवकर उतार पडतो. पुढे माणूस स्थिरावला की वरचं औषध कमी करता येतं का ते डॉक्टर बघतात. लिथियम मात्र ठेवतात, कारण पुढचा झटका टाळण्याचं काम त्याचं.

प्रश्न २ याच्याशीच जोडलेला. जीएसके-३ दबलं की पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांचं चालू-बंद बदलतं. पेशीला जगवणारी बीसीएल-२, बीडीएनएफ ही प्रथिनं वाढतात. प्रोटीन कायनेज-सीची पातळी उतरते. शरीराच्या दिवसरात्रीच्या घड्याळातलं रेव्ह-अर्ब हे प्रथिनही जीएसके-३वर अवलंबून, म्हणून लिथियमनं घड्याळाचा फेरा थोडा लांबतो; मॅनियात झोप उडते त्याच्याशी याचं नातं असावं. प्रथिनं नव्यानं बनायची, जुनी झिजायची, तर दिवस लागणारच. त्यात रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच पाच-सात दिवस जातात. पाचव्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करणं म्हणजे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करणं.

एक पुरावा मात्र मला खरंच आवडतो. बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी तयार करून २०१५ मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा त्या निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा जास्त पेटत होत्या. लिथियम घातल्यावर शांत झाल्या, पण सगळ्यांच्या नाही. ज्या रुग्णांना प्रत्यक्षात लिथियमनं गुण आला होता, फक्त त्यांच्याच. म्हणजे "लागू पडतं की नाही" हे पेशीतच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षातही साधारण एक तृतीयांश लोकांना उत्तम गुण येतो, काहींना अर्धामुर्धा, काहींना अजिबात नाही.

अवांतर: प्रोटीन कायनेज-सीवरून आठवलं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे कायनेज दाबतं, आणि मॅनियातही चालतं असं छोट्या चाचण्यांत दिसलं. त्याचाच शरीरात बनणारा अवतार एन्डॉक्सिफेन ८ मिग्रॅ आपल्याकडे मॅनियासाठी मान्य आहे. तेव्हा त्याची चिठ्ठी आली तर "हे कॅन्सरचं औषध इथे कसं" म्हणून परत पाठवू नका.

आकडेमोड:

प्रश्न ३.

व्हॅल्प्रोएट एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी हात मारतं. गाबा या शांत करणाऱ्या रसायनाला तोडणारी एन्झाइमं अडवतं, म्हणजे गाबा वाढतो. सोडियम वाहिन्या भराभर उघडू देत नाही. आणि हिस्टोन डीअसिटिलेज अडवून जनुकांचं चालू-बंद बदलतं (हे २००१ मध्ये कळलं). २००२ मधल्या एका प्रयोगात लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन या तिघांनी उंदरांच्या चेतापेशींच्या वाढत्या टोकांवर अगदी एकसारखा परिणाम केला, आणि वरून इनॉसिटॉल घातल्यावर तिघांचाही परिणाम पुसला गेला. शंकासुरांनी इनॉसिटॉलला फारच लवकर बाद केलंय, असं मला त्यामुळे वाटतं.

सगळी का चालत नाहीत, हा प्रश्न फार नेमका आहे. गाबा वाढवणं पुरेसं असतं तर टायगाबिननं मॅनिया उतरला असता. उतरत नाही. सोडियम वाहिनी अडवणं पुरेसं असतं तर लॅमोट्रिजिन चाललं असतं. तेही तीव्र मॅनियात चालत नाही. टोपिरामेट आणि गाबापेंटिन चाचण्यांत औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या (प्लासिबोच्या) पुढे गेलेच नाहीत. म्हणजे फिट थांबवणं आणि मॅनिया थांबवणं ही दोन कामं आहेत, आणि व्हॅल्प्रोएट-कार्बामाझेपिन ही दोन्ही येणारी जोडी.

व्यवहारात:

व्हॅल्प्रोएटचा फायदा वेगाचा. तीव्र मॅनियात दिवसाला २० ते ३० मिग्रॅ प्रति किलो या हिशोबानं सुरुवात करतात. ६० किलोच्या माणसाला १२०० ते १८०० मिग्रॅ. तीन ते पाच दिवसांत उतार दिसू लागतो. रक्तातली पातळी ५० ते १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. बिघडतं ते यकृत (पहिल्या सहा महिन्यांत जास्त जपायचं), प्लेटलेट, क्वचित स्वादुपिंड. यकृताच्या तपासण्या चांगल्या असूनही माणूस सुस्त, गोंधळलेला दिसला तर अमोनिया तपासायचा. हे हमखास निसटतं. वजन वाढणं आणि केस गळणं तर नेहमीचंच.

कार्बामाझेपिन यकृतातली एन्झाइमं वाढवतं, स्वतःला तोडणारीसुद्धा. म्हणून तीन-चार आठवड्यांनी त्याच डोसवर पातळी आपोआप घसरते. गर्भनिरोधक गोळ्याही निकामी होतात. रक्तातलं सोडियम उतरू शकतं. एचएलए-बी*१५०२ हे जनुक असेल तर कातडी सोलवटणारी भयंकर अॅलर्जी येण्याचा धोका बराच वाढतो. ते आशियाई लोकांत जास्त आढळतं, म्हणून आधी तपासलेलं बरं.

लॅमोट्रिजिन बायपोलरमधल्या नैराश्याचे झटके टाळतं. २५ मिग्रॅ दोन आठवडे, मग ५० मिग्रॅ दोन आठवडे, मग १००, मग २००. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हे सगळं निम्म्यानं, कारण व्हॅल्प्रोएट त्याला शरीराबाहेर जाऊ देत नाही. घाई केली की पुरळ. आणि पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा २५ पासून सुरुवात. "होते तिथून सुरू करा" हे काउंटरवरून सांगू नका.

झटका परत येऊ न देण्यात मात्र लिथियम पुढे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' चाचणीत एकटं व्हॅल्प्रोएट लिथियमपेक्षा मागे पडलं.

सेंट्रिफ्यूज:

प्रश्न ४ चं उत्तर बहुधा नळीच्या झाकणात आहे.

हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, आणि ते बहुतेक वेळा *लिथियम* हेपॅरिन असतं. त्यात लिथियमची तपासणी केली की नळीतलंच लिथियम मोजलं जातं. आकडा एक ते चार मिलिमोलनं फुगतो. नळी अर्धवट भरली असेल तर आणखी. नमुना लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीतच हवा. माणूस धडधाकट आणि आकडा २.४, तर आधी "कुठल्या नळीत घेतलं?" विचारा आणि लगेच नवा नमुना पाठवा. पण एक लक्षात ठेवा: माणूस अडखळत चालत असेल, जीभ जड असेल, तर नळीचा विचार नंतर. आधी हॉस्पिटल.

दुसरी चूक वेळेची. सगळे ठरलेले आकडे शेवटच्या गोळीनंतर १२ तासांचे आहेत. रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर चढता आकडा येणार, त्यावर कोणी डोस कमी करणार, आणि महिन्याभरात मॅनिया परत. अर्जावर "शेवटचा डोस किती वाजता" लिहायची सवय लावा. उपाशीपोटी यायची गरज नाही. पाणी न पिता येणं तर नकोच.

सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी तपासणी, स्थिर होईपर्यंत आठवड्याला. मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी. त्यानंतर सगळं सुरळीत असेल तर सहा महिन्यांनी. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम. कॅल्शियम सगळे विसरतात. लिथियमनं पॅराथायरॉइड ही कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी चाळवते.

आकडे: तीव्र मॅनियात ०.८ ते १.२, नंतर कायमसाठी साधारण ०.६ ते ०.८, वयस्करांत त्याहूनही खाली. १.५ च्या वर विषबाधेची हद्द, २ च्या वर जिवावरचं. मूत्रपिंड स्थिर असेल तर हिशोब सरळ त्रैराशिकाचा: ९०० मिग्रॅवर ०.६ असेल तर १२०० वर साधारण ०.८.

नेफ्रॉन:

सिनॅप्स_बुद्रुक यांच्या सोंगांच्या गोष्टीचा पुढचा अंक मूत्रपिंडात आहे, आणि घात तिथेच होतो.

लिथियम जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर जातं. गाळलेल्यापैकी साधारण ८० टक्के समीप (सुरुवातीच्या) नलिकेत परत शोषलं जातं, तेही सोडियमच्याच वाटेनं. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम घट्ट धरून ठेवतं, आणि त्याच्या जोडीला लिथियमही. मीठ कमी झालं की लिथियम चढतं, ते यामुळे.

म्हणून जुलाब-उलट्या, ताप, भर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडचं उन्हातलं काम, निर्जळी उपास, आणि रक्तदाबासाठी कोणी अचानक "मीठ बंद" सांगणं, हे सगळे धोक्याचे प्रसंग. जुलाब सुरू झाले तर ओआरएस सुरू करायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून "लिथियम थांबवू का?" विचारायचं. ते बहुतेक वेळा एक-दोन दिवस थांबवायलाच सांगतात. मीठ जास्त खायचं नाही, कमीही नाही. रोजच्यासारखं, एकसारखं.

अमेरिकेत १९४० च्या दशकात हृदयविकाराच्या, सोडियम बंद केलेल्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड चवीला दिलं जायचं! लिथियम साचायला याहून चांगली सोय नाही. माणसं दगावली, आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियाच्या दहा रुग्णांना लिथियमनं आलेला गुण छापला. मुहूर्त इतका वाईट, की अमेरिकेत मॅनियासाठी मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

जास्त लघवी आणि तहान ही लिथियमची नेहमीची तक्रार. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांत सोडियमच्या वाहिनीतून ते शिरतं आणि पाणी परत ओढणारी अॅक्वापोरिन-२ ही दारं कमी करतं. अॅमिलोराइड ती सोडियमची वाहिनी बंद करतं, म्हणून इथे उपयोगी पडतं. पण तहान लागते म्हणून पाणी कमी प्यायचं, हा उलटा उपाय करू नये. पाणी कमी, लिथियम जास्त.

खलबत्ता:

सगळ्यांचे आभार, हिरव्या झाकणाचं तर डोक्यातही नव्हतं. आता दुकानातला नेमका प्रश्न. लिथियमवरचा माणूस गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक मागतो, किंवा रक्तदाबाची नवी चिठ्ठी घेऊन येतो. काय अडवायचं, काय द्यायचं? आणि हात थरथरतो तो साधा कधी, विषबाधेचा कधी?

नेफ्रॉन:

अडवायचं: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन. ही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि लिथियम चढतं. वर लावायचं मलम चालेल. पोटात द्यायचं तर पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनची जोडगोळी देताना मात्र फसाल. पाकिटावर पॅरासिटामॉल मोठ्या अक्षरात आणि दुसरं बारीक.

रक्तदाबात सगळ्यात वाईट थायझाइड: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. पातळी पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी सहज चढते. त्याखालोखाल एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन. आपल्याकडे टेल्मिसार्टनच्या गोळीत थायझाइड जोडूनच येतं, ते 'एच' अक्षर बघा. अॅम्लोडिपिन बरं. आधीपासून रॅमिप्रिल चालू असेल आणि पातळी त्यानुसार बसवली असेल तर ते एका दिवसात बंद करणंही चुकीचं. नवीन सुरू किंवा बंद, दोन्ही वेळी आठवड्यात तपासणी.

रोज आठ-दहा कप चहा-कॉफी पिणाऱ्यानं ती एकदम सोडली तरी पातळी चढते. कॅफीन लिथियमला बाहेर काढायला मदत करत असतं.

सिस्टर_इनचार्ज:

हाताचं मी सांगते. साधी थरथर बारीक आणि भराभर असते, हात पुढे केले की दिसते, कपबशी खुळखुळते. माणूस बाकी नीट. त्याला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात किंवा डोस रात्रीवर आणतात. (दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, हे तुम्ही बघालच.)

विषबाधेची थरथर जाड आणि झटक्यांची, नुसती बोटं नाही, अख्खा हात हलतो. त्यासोबत खालीलपैकी काहीही असलं की पुढची गोळी द्यायची नाही आणि थेट हॉस्पिटल: उलट्या-जुलाब, दारुड्यासारखी चाल, बोबडं बोलणं, गुंगी, गोंधळ, स्नायू उडणं. घरचे म्हणतात "डोस जास्त झालाय, झोपेल आणि बरं वाटेल." तसं होत नाही. अनेक वर्षं गोळी घेणाऱ्याच्या मेंदूत लिथियम हळूहळू मुरलेलं असतं आणि रक्तातला आकडा १.६ असतानाही तो वाईट अवस्थेत असू शकतो. उशीर झाला तर लहान मेंदूला कायमची इजा राहते. डायलिसिसनं लिथियम निघतं, पण नंतर पेशींतून पुन्हा रक्तात येतं, म्हणून काही तासांनी परत मोजावं लागतं.

आणखी एक, जे वर कोणीच लिहिलं नाही. चिठ्ठीवरची व्यक्ती मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर व्हॅल्प्रोएट बघून थांबा. गर्भावर व्यंगांचा धोका साधारण दहात एक, आणि बुद्धीच्या-वागण्याच्या वाढीत अडचण दहात तीन-चार मुलांना. फॉलिक अॅसिड दिलं तरी हा धोका पुसला जात नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कोणालाही, पुरुषांनासुद्धा, ते नव्यानं सुरू करायला दोन तज्ज्ञांचं एकमत लागतं. मात्र दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्याच गोळ्या एका रात्रीत टाकणं तितकंच घातक. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांशी बोलणं, एवढंच काउंटरवरून सांगा.

लिथियमही एका झटक्यात बंद करायचं नसतं. तसं केलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उसळतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. बंद करायचंच ठरलं तर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिन्यांत उतरवत. विषबाधा हा एकच अपवाद.

खलबत्ता:

शेवटचं. साधी ३०० ची लिथियमची गोळी संपलीय, एसआर (हळू सुटणारी) ४०० आहे, "तीच द्या" म्हणतात. द्यावी का? आणि एक डोस चुकला तर?

सेंट्रिफ्यूज:

चुकलेला डोस सोडून द्यायचा, पुढचा ठरल्या वेळी. दुप्पट कधीच नाही. आणि त्या आठवड्यात पातळीसाठी रक्त देणार असतील तर अर्जावर "अमुक दिवशी डोस चुकला" लिहा, नाहीतर उतरलेल्या आकड्यावर कोणीतरी डोस वाढवून ठेवेल.

एसआर परस्पर देऊ नका. सकाळी एक, रात्री दोन साध्या म्हणजे ९०० मिग्रॅ. दोन एसआर म्हणजे ८००, तीन म्हणजे १२००. वर एसआर हळू सुटते, त्यामुळे १२ तासांचा आकडा त्याच डोसलाही थोडा वेगळा येतो. डॉक्टरांनी बदलून दिली तर सहाव्या-सातव्या दिवशी तपासणी लिहून घ्या, आणि ती गोळी चावून किंवा कुटून न घेता अख्खी गिळायची, हे पाकिटावर मराठीत लिहून द्या.